जाळीतली बेगमी

मृग निघण्यापूर्वी पावसाळ्याची बेगमी करून ठेवण्याची वहिवाट आपल्याकडे जुनी असली, तरी त्या बेगमीत धान्याला जो मान मिळाला तो कांदा, लसूण, रताळी यांसारख्या जमिनीच्या पोटात वाढणाऱ्या जिनसांना सहसा मिळाला नाही. धान्यासाठी कणगी, बळद, पेव अशी स्वतंत्र तजवीज झाली. या जिनसांच्या वाट्याला आली ती अंबाडीच्या किंवा केकताडाच्या वाखाची, हाताने गाठी मारून केलेली जाळी. वेदगंगेकाठच्या मुरगुडात, जिथे कागलच्या जहागिरीची स्मृती सर पिराजीराव तलावाच्या नावात अद्याप नांदते आहे, तिथल्या कौलारू घरांच्या तुळईला टांगलेली अशी शिंकाळी आता क्वचितच दिसतात.

या साध्या वस्तूमागे साठवणीचा एक निराळा विचार आहे. साठवणे म्हणजे बंदिस्त करणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. धान्य वाळवून झाकून ठेवले की ते पुष्कळ दिवस टिकते, म्हणून ती समजूत दृढही होते. परंतु कांदा काढणीनंतरही जिवंत असतो, श्वास घेतो, ओलावा व उष्णता बाहेर टाकतो; तो झाकून ठेवला तर त्याचाच ओलावा त्याच्यावर परततो आणि बुरशीला आमंत्रण मिळते. आषाढाच्या कोंदट हवेत चुलीच्या वरच्या बाजूला टांगलेल्या जाळीला धुराची ऊब आणि वाऱ्याची वाट या दोन्ही गोष्टी लाभत. रताळ्यालाही गारठा सोसत नाही. शीतकपाटात ठेवल्यास त्याचा गाभा कठीण होतो. बटाट्याचा मामला वेगळा आहे, कारण उजेडात तो हिरवा पडतो आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. त्याला जाळी चालते, पण ती अंधाऱ्या कोपऱ्यात आणि कांद्यापासून दूर हवी. आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो: जाळीतला माल रोज येताजाता नजरेखालून जातो, त्यामुळे नासू लागलेला एखादा कांदा शेजारच्यांना बाधण्यापूर्वीच काढून टाकता येतो.

जाळी होण्यापूर्वीचे श्रम मात्र कोणाच्या नजरेस पडत नसत. अंबाडी कापायची, पेंढ्या बांधून पाण्यात कुजत घालायची, मग त्या दुर्गंधी पाण्यात उभे राहून ताटांवरची साल सोलायची, ती धुऊन वाळवायची; केकताडाची काटेरी पाने ठेचून त्यांचा वाख काढायचा तर त्याच्या रसाने हाताला खाज सुटते. त्या वाखाला मांडीवर पीळ देऊन दोरी वळायची आणि लहानात लहान कांदाही निसटणार नाही अशा अंतराने गाठी मारीत जायचे. बैलाचे मुसके, कासरा, दावे, चऱ्हाट ही सारी त्याच हातांची निर्मिती, आणि ते हात बहुधा मांग समाजाचे होते.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 च्या ‘गाव-गाडा’त ज्या बलुतेदारीचे वर्णन केले, तीत या कामाचा मोबदला खळ्यावर, रयतेच्या मर्जीने, धान्याच्या रूपात मिळे. त्याहून विषण्ण करणारी गोष्ट ही की, जाळी माजघरात टांगली जाई आणि तिचा निर्माता उंबऱ्याबाहेर उभा राही. कागलच्याच घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी 1919 मध्ये सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने येथे अस्पृश्यता पाळण्यास हुकुमाने मनाई केली. माजघरापर्यंत मात्र राजाचा हुकूम पोहोचत नाही. म्हणूनच जुन्या कारागिरीच्या ऱ्हासाबद्दल हळहळताना बलुतेदारीचेही गोडवे गाणाऱ्या लेखनाशी माझे कधी जुळले नाही. ज्या कुटुंबांनी दोर वळणे टाकून शाळेची वाट धरली, त्यांनी योग्य तेच केले.

आज बाजारात लसूण-कांद्याबरोबर येणारी लाल प्लास्टिकची जाळीदार पिशवी हवा खेळती ठेवते, हे मान्य केले पाहिजे. उन्हाने तिचे तंतू तुटतात आणि ते तुकडे मातीत कुजत नाहीत, हेही तितकेच खरे. वाखाच्या जाळीला पुन्हा घरात जागा मिळावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, परंतु ती कोणत्याही जातीचा हक्क किंवा बोजा म्हणून नव्हे. ज्याला हे काम शिकावेसे वाटेल त्याने ते शिकावे आणि रोख दामाने विकावे. कुजवणे, सोलणे, वळणे आणि गाठी मारणे यांचा रोजगार आजच्या मजुरीने प्रामाणिकपणे मांडला, तर अशा एका जाळीची किंमत त्या लाल पिशवीच्या कितीतरी पट भरेल, आणि ती तितकी भरलीच पाहिजे.