फलत्यागापूर्वीचा अधिकार

फळाची आसक्ती सोडून कर्म करीत राहावे, हा भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील उपदेश आपल्या समाजात इतका रुजला आहे की, बांधावरच्या कुणब्यापासून सचिवालयातील अंमलदारापर्यंत प्रत्येकजण तो केव्हा ना केव्हा स्वतःला किंवा दुसऱ्याला सांगत असतो. परंतु हा उपदेश कोण कोणाला करतो, यावर त्याचा अर्थ पुष्कळ अंशी अवलंबून राहतो. कामाच्या ओझ्याने ज्याची झोप उडाली आहे अशा कारकुनाने हा विचार आपल्या मनाशी घोळवला, तर ती साधना ठरेल. पण ज्याने ते ओझे त्याच्या शिरावर ठेवले, त्याच वरिष्ठाने फळाची आशा धरू नये असे त्याला बजावले, तर त्यालाही आपण धर्मोपदेश म्हणावे काय? आज कचेऱ्यांतून कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी ध्यानाचे वर्ग भरतात आणि गीतेवर व्याख्याने होतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा राहिलेला नाही.

या प्रश्नाशी निकटचा संबंध असलेले एक थोर संशोधन लंडनमध्ये झाले. ब्रिटिश सरकारची मुख्य दफ्तरे ज्या रस्त्यावर आहेत, त्या व्हाइटहॉलच्या नावाने ते प्रसिद्ध आहे. १९६७ साली सुरू झालेल्या पहिल्या पाहणीत सुमारे १८,००० पुरुष सरकारी नोकरांची प्रकृती तपासून पुढे कित्येक वर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. हृदयविकार हा मोठ्या हुद्द्याच्या आणि मोठ्या जबाबदारीच्या माणसांचा रोग, अशी जी समजूत सर्वत्र रूढ होती, ती या पाहणीने पार उलटवली. कारण निरोप पोहोचवणारे आणि दारावर उभे राहणारे जे सर्वांत खालच्या श्रेणीचे शिपाई, त्यांच्यात या विकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळले, आणि मधल्या श्रेणींतही हुद्दा जसजसा खाली उतरे तसतसा धोका वाढत गेलेला दिसला. या माणसांपैकी कोणी उपाशी नव्हता; सर्वांची नोकरी कायम होती, निवृत्तिवेतन ठरलेले होते आणि औषधोपचार सरकारी व्यवस्थेतून मिळत होता. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी परिचित कारणांचा हिशेब मांडूनही या तफावतीचा मोठा भाग अनुत्तरितच राहिला. म्हणून १९८५ साली १०,३०८ स्त्रीपुरुष नोकरांची दुसरी पाहणी मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली हाती घेण्यात आली; आणि १९९७ साली तिच्या आधारे असे मांडण्यात आले की, ज्याला आपल्या कामावर ताबा नाही, ते कसे, केव्हा आणि कोणत्या क्रमाने करावे हे ठरवण्याची मुभा नाही, त्याचे हृदय अधिक धोक्यात असते, आणि श्रेणीश्रेणींतील तफावतीचे एक प्रमुख कारण हेच आहे. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ सालीच या सिद्धान्ताचा पाया घातला होता. कामाचा भार मोठा आणि निर्णयाचे स्वातंत्र्य अल्प, हा संयोग मनुष्याला झिजवतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हे वाचताना मला गीतेतील त्या उपदेशाच्या श्लोकाचा पूर्वार्ध आठवतो. फळावर अधिकार नाही, हे उत्तरपद आपण पाठ केले. परंतु कर्मावर मात्र अधिकार आहे, हे पूर्वपद त्याच वाक्यात त्याच्या आधी उभे आहे, याचा आपल्याला विसर पडला. संस्कृतातील ‘अधिकार’ या शब्दाचा अर्थ पात्रता असा आहे, दफ्तरी मराठीतील हुकमत असा नव्हे, ही शंका रास्त आहे. तथापि पात्रता म्हटली तरी ती कर्त्याची असते, हत्याराची नसते. ज्याचे प्रत्येक पाऊल दुसऱ्याच्या फर्मानाने पडते, आणि चूक घडल्यास जबाब मात्र त्यालाच द्यावा लागतो, त्याला कर्माची पात्रता उरली असे कोणत्या अर्थाने म्हणता येईल? जे कधी हातात आलेच नाही त्याचा त्याग होत नाही. म्हणून कर्माधिकार ही फलत्यागाची पूर्वअट आहे. ती पुरी न करता केलेला उपदेश म्हणजे धर्माच्या नावाने मागितलेली निमूट वेठ होय.

गीतेचा अठरावा अध्याय याहून पुढे जातो. कोणत्याही कर्माची पाच कारणे तेथे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. वेदान्ती या विवेचनातून आत्म्याचे अकर्तृत्व सिद्ध करतात, आणि तो अर्थ मला शिरोधार्य आहे. परंतु त्यातूनच असेही निघते की, कर्म बिघडले किंवा त्याने क्लेश झाले, तर पाचांपैकी एकट्या कर्त्याला बोल लावणे हा विचाराचा आळस आहे. त्याच अध्यायात, परिणाम, क्षय, हिंसा आणि सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेल्या कर्माला तामस म्हटले आहे. ही कसोटी जो काम करतो त्याच्यापेक्षा जो काम करवतो त्याला अधिक लागू पडते, कारण मुदत तोच ठरवतो आणि माणसे किती नेमायची हेही तोच ठरवतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे ७,४५,००० माणसे दगावली. क्षय आणि हिंसा हे शब्द येथे रूपक राहत नाहीत.

मग ध्यानवर्ग निरर्थक आहेत काय? विल्यम फ्लेमिंग या ऑक्सफर्डच्या संशोधकाने २०२४ साली ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, तेव्हा मनःशांतीचे आणि सहनशक्तीचे शिक्षण घेतलेले लोक ते न घेतलेल्यांहून अधिक सुस्थितीत असल्याचे दिसले नाही. अपवाद एकच, लोकसेवेच्या कामात भाग घेण्याची संधी मिळालेल्यांचा. ही एका वेळची पाहणी असल्याने तिच्यावरून अखेरचा निकाल देता येणार नाही, आणि ध्यानाची थोरवी अशा मोजमापाने उणीही होत नाही. परंतु ध्यान हा मोक्षाचा मार्ग आहे. अयोग्य व्यवस्थेची दुरुस्ती टाळण्यासाठी दिलेली गोळी म्हणून त्याचा उपयोग करणे हा कर्मचाऱ्यावर जसा अन्याय आहे तसा ध्यानावरही आहे.

येथे एक सबळ आक्षेप येईल. लोकमान्यांनी गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात लिहिले, आणि विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. जेथे बाह्य अधिकार शून्य होता तेथेच निष्काम कर्माचा दीप सर्वांत तेजाने तेवला, मग आतल्या स्वातंत्र्याला बाहेरच्या मुभेची गरज काय? या आक्षेपापुढे मी नम्र होतो, परंतु त्याचे उत्तर त्या दोघांच्या चरित्रातच आहे. परक्या सत्तेपुढे मान न तुकवण्याचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला होता, आणि कारावास हे त्या निर्णयाचे समजून उमजून पत्करलेले फळ होते. शिवाय स्वतःची बेडी त्यांनी अनासक्तीने वागवली, म्हणून दुसऱ्यांच्या बेड्या तुटू नयेत असे त्यांनी कधी म्हटले नाही. अनासक्ती स्वतःच्या दुःखासंबंधी बाळगायची असते. दुसऱ्याच्या दुःखासंबंधी बाळगली की तिचे नाव निष्ठुरता होते.

आपल्याकडे दुसऱ्याच्या दुःखाविषयी उदासीन न राहण्याचे हे तत्त्व मुंबईच्या गिरण्यांत फार पूर्वी आचरून दाखवण्यात आले. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि अखंड राबणाऱ्या त्या माणसांसाठी आठवड्यातून एक दिवस रजा मागताना, रविवार हा खंडोबाचा वार आहे, असेही कारण पुढे केले. १८९० साली गिरणीमालकांनी ती सुट्टी मान्य केली. तेथे देवाचे नाव श्रमिकाला सोसायला लावण्यासाठी घेतलेले नव्हते, तर त्याच्या जीवाला विसावा मिळवून देण्यासाठी घेतलेले होते. धर्माची जागा कोणाच्या शेजारी असावी, हे यावरून मला स्पष्ट दिसते.

आणि गीतेचा शेवट तरी काय सांगतो? ज्याने अर्जुनाच्या सांगण्यावरून दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ नेऊन उभा केला, सारथ्याचे दुय्यम काम ज्याने आनंदाने पत्करले, आणि विश्वरूप दाखवून ज्याने आपली सत्ता प्रकट केली, त्या भगवंताने सर्व उपदेश संपत आल्यावर आज्ञा केली नाही. या सर्वाचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर, असे सांगून निर्णय अर्जुनाच्या हाती ठेवला. भगवंताने जो अधिकार आपल्या भक्ताकडून काढून घेतला नाही, तो एखाद्या कारकुनाकडून किंवा शिपायाकडून काढून घेताना कोणत्याही खातेप्रमुखाचा हात अडखळला पाहिजे.