पाहण्याची मर्यादा

मराठीत ‘टिपणे’ हा शब्द मोठा विचार करण्यासारखा आहे. चिमणी दाणे टिपते, शिकारी सावज टिपतो आणि फोटोग्राफर छबी टिपतो. पहिल्या टिपण्यात पोटाची भूक आहे, दुसऱ्यात जीव घेणे आहे. तिसऱ्यात मात्र कोणाचेच काही जात नाही, असे आपण धरून चालतो. हे कितपत खरे आहे, याचा थोडा विचार येथे करावा असे आम्ही योजिले आहे. निमित्त आहे रानातल्या हरिणांचे, आणि तेही त्यांच्या माजाच्या दिवसांत काढल्या जाणाऱ्या फोटोंचे.

उन्हाळा उतरणीला लागून सण जवळ येऊ लागले की या देशातील यहमूर हरिणांचा मीलनकाळ येतो. युरोपातील लाल हरिणांचा तो जरा उशिरा, सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. दरवर्षी गळून पुन्हा फुटणारी नराची शिंगे या वेळी पुरती वाढून टणक झालेली असतात. एरवी झाडीत दडणारा नर घोगऱ्या आवाजात ओरडतो, प्रतिस्पर्ध्याच्या शिंगाला शिंग भिडवतो, चरणेसुद्धा विसरतो. फोटो काढणाऱ्याला वर्षभरात याहून चांगली संधी नाही. पण ही संधी मिळते कशामुळे? एरवी सावध असणारे जनावर या दिवसांत भान हरपलेले असते म्हणून. आपली पर्वणी ती त्याची असावधता, हे आधी मान्य केले पाहिजे.

मादी माजावर येते ती जेमतेम एखादा दिवस. ती वेळ हुकली तर पुढल्या खेपेसाठी सुमारे तीन आठवडे थांबावे लागते. नर तर आधीच उपाशी, झुंजीने थकलेला. अशा वेळी माणसांचा घोळका जवळ आला, कळप उधळला, तर आपल्या लेखी एक फोटो चुकला एवढेच. त्याच्या लेखी वर्षाची कमाई गेली असे होऊ शकते. लंडनच्या रिचमंड पार्कात या हंगामात कॅमेरेवाल्यांची गर्दी होते, आणि हरिणांपासून निदान 50 मीटर दूर राहा, अशी सूचना तेथे दिली जाते. त्यात माणसाच्या सुरक्षिततेचा विचार आहेच, पण हरिणाच्या शांततेचाही आहे.

आपल्याकडे तर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. यहमूर हे नाव तोरामध्ये खाण्यास योग्य अशा प्राण्यांच्या यादीत आहे, आणि शलमोन राजाच्या पंक्तीला येणाऱ्या प्राण्यांतही आहे. आज ज्याला आपण यहमूर म्हणतो तो प्राणी बंदुकीपुढे या भूमीतून नाहीसा झाला. जगातूनच गेला असे मानले जात असताना 1950 नंतरच्या दशकात इराणच्या खुजेस्तान प्रांतात त्याचा एक लहानसा कळप आढळला. 1978 च्या अखेरीस, शहाची राजवट कोसळण्याच्या बेतात असताना, तेथून चार हरिणी विमानाने इस्राएलला आणण्यात आल्या. कार्मेल डोंगरावर त्यांची जोपासना झाली. 1996 पासून पश्चिम गालीलातील नाहाल कझीव येथे, आणि पुढे यरुशलेमजवळच्या नाहाल सोरेक येथे, त्यांची संतती रानात सोडण्यात आली. विमानातून परत आलेल्यांची ही कथा आपल्या लोकांना निराळी समजावून सांगायला नको. पण एवढ्या खटपटीने परत आलेल्याचा पुढचा वंश या मोजक्या आठवड्यांवर अवलंबून असतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, ‘फोटो पाहूनच तर लोकांच्या मनात प्राण्यांविषयी माया उपजते. न पाहिलेल्याचे रक्षण कोण करील?’ हा आक्षेप खोटा नाही. शाळेत मुलांना चित्र दाखविल्याखेरीज पाठ पुढे सरकत नाही, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. म्हणून फोटो काढूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. पण चांगल्या हेतूने केलेली गोष्ट जवळून केलीच पाहिजे, असे कोठे आहे?

अठराव्या शतकात प्रागचे विद्वान रब्बी यहेज्केल लांडाऊ यांना एका धनिकाने विचारले होते, की आपल्या मालकीच्या रानात मौजेखातर शिकार करावी काय? रब्बींनी नियमांचा काथ्याकूट केला, आणि शेवटी सांगितले, की तोरामध्ये शिकारी म्हणून निम्रोद आणि एसाव हे दोघेच दिसतात. अब्राहामाच्या वंशाला ही रीत शोभत नाही. कॅमेरा म्हणजे बंदूक नव्हे, हे खरे. पण ज्याची मनाई नाही ते सर्व शोभतेच असे नाही, हा त्यांचा विचार येथेही लागू पडतो.

घरातलेच उदाहरण घ्या. लग्नात नवरा नवरीच्या बोटात अंगठी घालतो, आणि फोटोग्राफर म्हणतो, ‘जरा थांबा, पुन्हा घाला, नीट आले नाही.’ पहिल्यांदा घातली तो विधी होता. दुसऱ्यांदा घातली ती फोटोसाठी. मलिद्याच्या ताटाभोवतीही असेच पाहुणे कॅमेरे घेऊन गोळा होतात, आणि एलियाहू हन्नाबीचे स्मरण करणारी माणसे नकळत सावरून बसतात. पाहणाऱ्यामुळे पाहिले जाणारे बदलले, की पाहणे निरुपद्रवी राहत नाही. आपल्या समाजाकडे परक्यांनी कुतूहलाने बराच काळ पाहिले आहे. ही गोष्ट आपल्याला तरी लवकर उमगावी.

आम्हांला वाटते, हीच कसोटी रानात लावावी. हरिण जे करीत होते तेच करीत राहिले, तर आपण योग्य अंतरावर आहोत. त्याने मान वर करून कान आपल्याकडे वळविले, तर आपण मर्यादा ओलांडली. तेथून पुढे पाऊल टाकू नये, मागे यावे. शिट्टी वाजवून, खडा मारून त्याला आपल्याकडे पाहायला लावणे तर सर्वस्वी गैर. गीतरत्नात प्रेमाला अवेळी जागे करू नका, अशी शपथ यरुशलेमच्या कन्यांना घातली आहे, आणि ती घातली आहे रानातल्या हरिणींचीच. ज्यांच्या नावाने ही शपथ घातली, त्यांच्या प्रेमात आपणच व्यत्यय आणावा, हे बरे दिसत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या लांबून फोटो चांगला येत नाही. न येवो. शब्बाथच्या दिवशी आपण कॅमेऱ्याला हात लावीत नाही. म्हणून त्या दिवशीचा सूर्यास्त वाया गेला असे कोणी म्हणत नाही. जपून ठेवता आले नाही तरी पाहिलेले पाहिलेच असते, हे आपल्याला आठवड्यातून एकदा शिकविले जाते. सणाच्या सुटीत नातवंडांना घेऊन डोंगरात जाल, तेव्हा त्यांच्या हातातला मोबाईल थोडा वेळ आपल्याजवळ मागून घ्या, आणि दूर झाडाआड उभे राहून ते घोगरे ओरडणे त्यांना नुसते ऐकू द्या.