स्पॅममध्ये पडलेलं पत्र

जानेवारी 2025 मध्ये आमच्या मोठ्या बाबांचे धानाचे चुकारे खात्यात जमा झाले, पण काढता येईनात. गाव गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातलं. शाखेत गेल्यावर कळलं, केवायसी राहिल्यामुळे खात्याला होल्ड लागला आहे. ‘‘मेल पाठवला होता,’’ टेबलापलीकडून उत्तर आलं. मोठे बाबा एवढंच म्हणाले, ‘‘मले तर काही नाही भेटलं जी.’’

मेल खरंच आला होता. फोन विकताना दुकानदाराने उघडून दिलेला त्यांचा जीमेल मी पहिल्यांदाच पाहिला. स्पॅमच्या कप्प्यात लॉटरीच्या आणि झटपट कर्जाच्या गर्दीत बँकेचं पत्र पडलं होतं. सगळं इंग्रजीत : तातडीचं आहे, खातं बंद होईल, इथे क्लिक करा. त्याच्याच खाली एका भामट्याचा मेल होता. तीच घाई, तीच धमकी, तसंच निळं बटण.

मला मेलच्या स्पॅम-गाळणीवर राग धरता येत नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर खरा आहे का, हे ती तपासते आणि शब्दही तोलते. स्पॅममध्ये कोणता शब्द किती वेळा येतो, यावरून मेल पारखण्याची रीत संगणकतज्ज्ञ पॉल ग्रॅहम यांच्या 2002 मधल्या लेखानंतर रूढ झाली. भामट्यांनी ‘केवायसी’ इतका वापरला, की शब्दच बाटला. पण बँकेने त्यांच्याच सुरात का लिहावं? भिववून काम करून घेण्याची सवय आधी सोडायला हवी ती बँकेने.

खरा संदेश गाळणीत अडकणं नवं नाही. 8 मार्च 2021 ला दूरसंचार नियामक ट्रायची नवी एसएमएस-गाळणी सुरू झाली. मजकूर नोंदणीत न बसल्यामुळे बँकांचे खरे ओटीपीही देशभर अडले. इतकी ओरड झाली, की दुसऱ्याच दिवशी नियमाला सात दिवसांची स्थगिती मिळाली. मोठ्या बाबांच्या एका मेलसाठी अशी ओरड कोण करणार?

मोठ्या बाबांचं खातं अडलं त्याच वर्षी पुढे रिझर्व्ह बँकेने दोन गोष्टी केल्या. बँकांच्या संकेतस्थळांना ‘बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता दिला, त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत घातली. आणि जून 2025 मध्ये सांगितलं, की केवायसीची तारीख येण्याआधी निदान तीन सूचना द्या, त्यांतली एक तरी कागदी पत्राने. मला या दुसऱ्या नियमाचं मोल जास्त वाटतं. पोस्टमनला आमचं घर ठाऊक आहे. ते पत्र मराठीत असावं, त्यावर शाखेचा शिक्का असावा, आणि धान विकायला लोक आधारभूत खरेदी केंद्रावर जमतात तिथे केवायसी राहिलेल्यांना तोंडी सांगावं. कोणत्या महिन्यात खात्यात पैसे येतात, हे शाखेला आमच्याइतकंच माहीत असतं.

होल्ड निघायला नऊ दिवस लागले. उन्हाळी धानाची रोवणी थांबत नसते, म्हणून बायांची मजुरी उसनवारीने दिली. आता फोन वाजला, की मोठे बाबा तो हातभर लांब धरून माझ्याकडे आणतात आणि विचारतात, ‘‘हा बँकेचाच आहे का जी?’’ परवाचा एक मेसेज मी तीनदा वाचला, आणि शेवटी दोघं मिळून शाखेतच जाऊन विचारून आलो.