वनाची राखण
नाशिकजवळ सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर ५ जून २०१५ रोजी ‘आपलं पर्यावरण’ संस्था, वनखाते व नागरिक यांनी मिळून देशी झाडांची सुमारे ११,००० रोपे लाविली. त्या वनास ‘देवराई’ म्हणतात. म्हणून कोणी विश्वासी संकोचेल. पण नावास भिऊन काम का टाकावे? रोपांस पाणी घालणे, वणवा विझविणे ही मूर्तिपूजा नव्हे; एदेन बागेची राखण देवानेच मनुष्यास सोपविली होती. नहेम्याने वेशींसाठी लाकूड मागितले ते परधर्मी राजाच्या वनरक्षकाकडून. तट बांधावयास सोनारही आले. तकोवाच्या सरदारांनी मात्र मान वाकविली नाही, आणि हेही त्याने लिहून ठेविले आहे. तर उन्हाळा लागण्यापूर्वी मंडळीने शेजाऱ्यांस विचारावे, पाणी घालण्याची आमची पाळी कोणत्या वारी?