सापाला मारावे का? वर्धेकाठचा एक जुना प्रश्न

अंगावर आलेल्या सापाला मारावे की त्याच्याकडून चावून घ्यावे, हा अहिंसेच्या विचारातला सर्वांत अवघड प्रश्न म्हणता येईल. वर्धा जिल्ह्यात तो कधीच पुस्तकी राहिलेला नाही. पुलगाव वर्धा नदीच्या काठी वसलेले आहे आणि भोवताली कापूस, तूर, सोयाबीनची काळी शेते आहेत. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की साप धुऱ्यावर, गोठ्यात, कधी घरात येतात. निंदण करणाऱ्या बाईचा हात ज्या गवतात असतो, त्याच गवतात घोणस वेटोळे घालून पडलेली असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांमुळेच भारतातले बहुतेक सर्पमृत्यू होतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. त्यांत बहुतेक खेड्यांतली होती. अहिंसेचा कोणताही विचार या आकड्याला टाळून पुढे जाऊ शकत नाही.

लोकधर्माने आपले उत्तर नागपंचमीत दिले. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिले मरतात, ती घराचा सूड घेते आणि शेवटी लेकीची भक्ती पाहून सगळ्यांना जिवंत करते, ही कहाणी घरोघरी सांगितली जाते. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही. या कहाणीची नैतिक दृष्टी फार बारीक आहे. शेतकऱ्याने पिले जाणूनबुजून मारलेली नसतात, तरी दोष लागतोच. नांगर जमिनीत घालणे म्हणजे कोणाच्या तरी घरात शिरणे, याची जाणीव त्यात आहे. मात्र पूजा एका दिवसापुरती उरते. वारुळावर हळदकुंकू वाहणाऱ्या गावातच दुसऱ्या दिवशी धामण दिसली की काठ्या निघतात, आणि धामण तर बिनविषारी, पिकाची नासाडी करणारे उंदीर खाणारी. पूजेच्या नावाखाली गारुड्याच्या उपाशी नागाला दूध पाजणे हीदेखील हिंसाच होती. दूध हे सापाचे अन्न नाही. ज्याची पूजा करायची त्याला नीट पाहिलेलेच नसेल, तर ती पूजा त्या जिवापर्यंत पोचत नाही.

हाच प्रश्न १८९४ मध्ये समुद्रापलीकडून आला. दक्षिण आफ्रिकेत असलेल्या तरुण मोहनदास गांधींनी मुंबईच्या जैन तत्त्वचिंतक श्रीमद् राजचंद्रांना सत्तावीस प्रश्न लिहून पाठवले. शेवटचा प्रश्न सापाचा होता: तो चावायला आला तर चावू द्यावे की मारावे? राजचंद्रांच्या उत्तराचा आशय असा की, देह नश्वर आहे हे ज्याने जाणले त्याने अशा देहासाठी, स्वतःच्या देहावर प्रेम असलेल्या दुसऱ्या जिवाला मारणे योग्य ठरत नाही; आत्महित इच्छिणाऱ्याने देह जाऊ द्यावा. ज्याला आत्महित नको त्यालाही मारण्याचा उपदेश कसा करावा, असे त्यांनी पुढे विचारले. मुमुक्षूसाठी हे उत्तर निर्दोष आहे. पण ज्याच्या घरात लहान मुले झोपली आहेत, त्या गृहस्थाच्या हाती ते काहीच देत नाही.

गृहस्थाला उपयोगी पडेल असे काही निघाले ते जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्म या सत्याग्रहींच्या वसाहतीत, १९१० नंतर. गांधींचे सहकारी, वास्तुविशारद हरमान कॅलनबाख यांनी सापांवरची पुस्तके जमवली. सगळे साप विषारी नसतात आणि काही तर पिकांचे रक्षण करतात, हे त्यांनी फार्मवरच्या लोकांना समजावले. त्यांनी एक नाग पिंजऱ्यात ठेवला आणि त्याला ते स्वतःच्या हाताने भरवत. गांधींना यात खोट दिसली. पिंजऱ्यातल्या नागाशी केलेल्या मैत्रीत भीती मिसळलेली असते, तो मोकळा असताना त्याच्याशी खेळण्याचे धैर्य दोघांतही नाही, मग हे प्रेम कसे, असे त्यांनी कॅलनबाखना सांगितले. तरी साप ओळखायला शिकणे ही गोष्ट टिकली. त्याच फार्मवर एकदा कॅलनबाख यांच्या खोलीत साप अशा जागी निघाला की त्याला हाकलणेही शक्य नव्हते आणि पकडणेही. गांधींनी मारायला परवानगी दिली. पुढे त्यांनी ते लिहून ठेवले, आणि सापाला हाताने धरण्याचे धैर्य आपल्यात नव्हते, अजूनही नाही, हेही लिहिले.

१९३६ साली गांधी सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. साप आणि विंचू तिथे भरपूर. पुलगावहून वर्ध्यामार्गे तिथे जाणाऱ्याला आश्रमात आजही साप पकडायचा लांब लाकडी चिमटा आणि पिंजरा पाहायला मिळतो. साप धरायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि वस्तीपासून दूर सोडायचा, एवढाच त्यांचा उपयोग. राजचंद्रांना विचारलेल्या प्रश्नात दोनच वाटा होत्या, मरा किंवा मारा. या साध्या लाकडी अवजाराने तिसरी वाट दाखवली. ती चालायला संतपण लागत नाही. साप ओळखणारा डोळा, थोडा सराव आणि हात न थरथरणे पुरते. गावोगावचे सर्पमित्र आज तेच करतात, अर्थात लाकडी चिमट्याऐवजी लोखंडी आकडा आणि पिशवी घेऊन.

अहिंसेचा अर्थ इथे बदलतो. ती मनातल्या दयेवर थांबत नाही, ज्ञानाची मागणी करते. घोणस आणि अजगराचे पिल्लू यांतला फरक न कळणारा दयाळू माणूसही भीतीने अजगर मारतो किंवा धीटपणाने घोणस उचलतो. जिवाला त्याच्या जागी, त्याच्या रीतीने पाहणे हे शिकावे लागते. ज्ञानाची ही मागणी दवाखान्यापर्यंत जाते. चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष हाफकिन महामंडळासारख्या ठिकाणी तयार होते. त्यामुळे माणूस वाचतो आणि सूडापोटी होणारी सापांची कत्तलही टळू शकते. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ दोघांच्याही जिवावर उठतो.

तरीही एक प्रसंग उरतो: मध्यरात्री अंथरुणात मण्यार, दिवा नाही, चिमटा नाही, शेजारी मूल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडून खेळ करण्यावर बंदी घातली, पण स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेली हत्या कलम ११ मध्ये गुन्हा ठरवलेली नाही. गांधींनी टॉलस्टॉय फार्मवर परवानगी दिली, ती जवळपास याच टोकाशी. फरक असा की कायद्याच्या लेखी ते प्रकरण तिथेच मिटते. गांधींच्या लेखी मारणाऱ्याला दोष देता येत नाही, पण आपल्यात धैर्य आणि कसब कमी पडले, हे त्याच्या नावावर कायम राहते.