रुग्णाची साक्ष

डोळे मिटले असतां जें दिसतें तें खरें कीं खोटें, हा प्रश्न आपल्याकडील तत्त्वचिंतकांस नवा नाहीं. परंतु हाच प्रश्न इस्पितळांतील बंद खोलींत एकट्या निजलेल्या रुग्णापुढें उभा राहतो, तेव्हां तो केवळ तत्त्वाचा राहत नाहीं, नीतीचाही होतो.

आमच्या एका वृद्ध स्नेह्यांस मेंदूंतील गांठीसाठीं किरणोपचार घ्यावे लागले. तोंडावर जाळीचा मुखवटा बसवून मस्तक मेजाला जखडण्यांत येई, सर्व मंडळी बाहेर जात, जाड दार बंद होई. आणि त्या एकांतांत, डोळे मिटलेले असूनही, त्यांना निळा प्रकाश चमकलेला दिसे. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं ही गोष्ट तेथील माणसांस सांगितली. “आजोबा, भास होत असेल तुम्हांला,” असें हंसतमुखानें उत्तर मिळालें. त्या उत्तरांत दुष्टावा नव्हता. परंतु त्यानंतर आमच्या स्नेह्यांनीं याविषयीं तोंड उघडलें नाहीं. आपली दृष्टि चालली, किंवा बुद्धि चळली, या दोन शंका मनांत घेऊन त्यांनीं उपचाराचे उरलेले दिवस काढले.

या विषयाचा पूर्वेतिहास बोधप्रद आहे. १८९५ सालीं रंटगेन यांनीं क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हां डोळ्यास हे किरण जाणवत नाहींत असें त्यांचें मत होतें. पुढच्याच वर्षीं ब्रँडेस व डोर्न यांनीं ते मंद प्रकाशरूपानें जाणवतात असें प्रसिद्ध केलें, आणि १८९७ त रंटगेन यांनीं स्वतः पडताळा घेऊन आपलें मत बदललें. दुसऱ्याच्या डोळ्यांची साक्ष मोलाची मानून आपलें विधान मागें घेणें, हें कांहीं लहान काम नव्हे.

आजच्या उपचारांतील किरण त्या काळच्या किरणांहून फार शक्तिमान असतात, व त्यांच्या प्रकाशाचें कारणही निराळें आहे. पोकळींत सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर धांवणारा प्रकाश पाण्यांत सव्वादोन लक्षांवर येतो. किरणांच्या आघातानें सुटलेले विद्युत्कण पाण्यांत याहूनही वेगानें धांवले, म्हणजे निळसर प्रकाश फांकतो. रशियन शास्त्रज्ञ चेरेंकॉव्ह यांनीं १९३४ सालीं त्याचें वर्णन केलें, व १९५८ त त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. ट्रॉम्बे येथें १९५६ त सुरू झालेल्या ‘अप्सरा’ अणुभट्टीच्या पाण्यांत हीच निळाई दिसे. नेत्रगोलांतही बहुतांशीं पाणीच असतें. अमेरिकेंतील डार्टमथ येथील संशोधकांनीं उपचार चालू असतां रुग्णाच्या डोळ्यांतून निघणारा हा प्रकाश कॅमेऱ्यानें टिपला, आणि तो दिसण्यास पुरेसा असतो असें २०२० सालीं छापलेल्या निबंधांत मांडलें.

कोणी म्हणेल, वाद मिटला. रुग्ण खरा ठरला. परंतु तो त्या दिवशीं खरा ठरला काय? तो आधींपासूनच खरा होता. चित्रानें बदललें तें आपलें ज्ञान. शिवाय कित्येक रुग्णांस याच वेळीं उग्र वासही येतो. त्या वासाचें चित्र कोणत्या कॅमेऱ्यानें घ्यावें? तें निघत नाहीं म्हणून वास खोटा मानावा काय? न्यायशास्त्रानें आप्ताच्या शब्दास स्वतंत्र प्रमाण मानलें. जो जाणतो आणि जाणलेलें प्रामाणिकपणें सांगूं इच्छितो, तो आप्त. स्वतःच्या डोळ्यांपुढें काय आलें, याविषयीं रुग्णाहून मोठा आप्त कोण?

अर्थात् अनुभव व त्याचें कारण यांत भेद केलाच पाहिजे. प्रकाश दिसला, येथपर्यंत रुग्णाचा शब्द अखेरचा. पण तो अंधत्वाचा आरंभ किंवा ईश्वरी संकेत आहे असें त्यानें म्हटलें, तर तेथें तपासाचा अधिकार वैद्याचा. रुग्ण आपल्या अधिकाराबाहेर जातो तो भीतीमुळें, आणि वैद्य जातो तो घाईमुळें. कारण ठाऊक नसलें कीं तो अनुभवच नाकारतो.

आधीं सांगितल्यास नसलेलेंही दिसूं लागेल, असा एक आक्षेप आहे. तो निराधार नाहीं. परंतु चार जणांस फुकट भास होणें आणि एकानें अंधारांत वेड्याच्या भीतीनें निजणें, यांत आम्ही पहिली हानि पत्करूं. उपचार संपल्यावर आमच्या स्नेह्यांस ही सर्व हकीकत कळली, तेव्हां ते इतकेंच म्हणाले, “आधीं कळतें, तर मीं तो प्रकाश नीट पाहिला असता.” दार बंद करण्यापूर्वीं “निळा प्रकाश दिसल्यास भिऊं नका, दिसला तर आम्हांला सांगा,” एवढें एक वाक्य उच्चारण्यास कोणतेंही यंत्र लागत नाहीं, समोरचा मनुष्य आपल्या अनुभवाचा साक्षीदार आहे, एवढी जाणीव मात्र लागते.