रिकामे घर आणि लक्कम्माचे माप



आपल्या मराठीत ‘संसार मांडणे’ असा एक फार अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. घर बांधले जाते, भाड्याने मिळते, सरकारकडून मंजूरही होते. संसार मात्र मांडावाच लागतो. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरील खेड्यांतून बसव वसती योजनेची आणि पंतप्रधान आवास योजनेची घरे आपण पाहतो. चार भिंती, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. आत जाऊन हाक मारली तर आवाज घुमतो. नव्या जोडप्याला त्या घुमणाऱ्या आवाजाची लाज वाटते. सोयरे येतील, बसायला खुर्ची नाही. नणंद येईल, कपाट नाही. सासुरवाडीचे लोक काय म्हणतील? मग सणाच्या आत पलंग, कपाट, टीव्ही आलाच पाहिजे असे ठरते आणि हप्त्यांची वही घरात येते. कित्येक घरांत पहिली आलेली वस्तू हीच वही असते! आज त्या लाजेविषयी थोडे चिंतन करू.

बाराव्या शतकात ह्याच भूमीत, कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, असेच एक जोडपे बाहेरगावाहून येऊन राहिले होते. रायचूर जिल्ह्यातील लिंगसुगूर तालुक्यात अमरेश्वर नावाचे क्षेत्र आहे, तिथले हे शरण मारय्या आणि शरणी लक्कम्मा. कन्नडमध्ये ‘अक्की’ म्हणजे तांदूळ. ‘आयदक्की’ म्हणजे वेचलेले तांदूळ. महात्मा बसवेश्वरांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हेच मारय्यांचे कायक, म्हणून ‘आयदक्की’ हे त्यांचे नाव पडले. लक्कम्मा त्या तांदळाचा भात करीत, जंगमांना दासोह करीत, आणि मग उरलेला प्रसाद दोघे घेत. एवढाच त्यांचा संसार.

कथा सर्वांना ठाऊक आहे. एके दिवशी बसवेश्वरांनी मुद्दाम जास्त तांदूळ सांडून ठेवले. मारय्यांनी ते वेचले आणि रोजच्यापेक्षा भरलेले गाठोडे घरी आणले. लक्कम्मांनी गाठोडे हातात घेताच वजन ओळखले. आज जास्त कसे, असे त्यांनी विचारले आणि जास्तीचे तांदूळ परत टाकून यायला सांगितले. हाव राजाला शोभेल, शिवभक्ताला नव्हे, असा त्यांचा आशय होता. मारय्या गेले आणि तांदूळ परत टाकून आले.

हे ऐकून आपण मान डोलावतो आणि घरी जाऊन विसरतो, कारण आपल्याला वाटते ही संतांची गोष्ट आहे, आपल्या उपयोगाची नाही. पण लक्कम्मांनी विचारले काय ते पाहा. ‘आपण गरीब का?’ असे त्यांनी विचारले नाही, ‘शेजाऱ्याकडे किती आहे?’ असेही नाही. त्यांच्या प्रश्नात दोनच गोष्टी होत्या. हे आपल्या आजच्या कायकाचे आहे का? आणि आज आपल्याला एवढे लागते का? रिकाम्या घरात वस्तू आणताना हेच माप हाती धरावे. दारात टेम्पो उभा राहण्याआधी नवराबायकोने एकमेकांना हे दोन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न कायकाचा. वस्तू कमाईतून आली की कर्जातून? समजा, कपाट, पलंग आणि टीव्हीसाठी वीस हजार रुपये शेकडा तीनने काढले. महिन्याला सहाशे रुपये व्याज, वर्षाला सात हजार दोनशे, आणि मुद्दल जागच्या जागी. म्हणजे पुढच्या वर्षीची एक वस्तू आपण न आणताच सावकाराच्या घरी पोहोचवली. आठवड्याच्या हप्त्याचे गटकर्ज घेतले तर ज्या आठवड्यात मजुरी नाही त्या आठवड्यातही माणूस दारात उभा. वसुलीच्या जाचाने घर सोडून गेलेली कुटुंबे कर्नाटकाने पाहिली. २०२५ साली राज्य सरकारला अशा जबरदस्तीविरुद्ध आधी अध्यादेश आणि मग कायदा करावा लागला. कायदा झाला हे चांगलेच झाले. पण सोफ्यासाठी घेतलेले कर्ज कायदा फेडीत नाही. बियाण्याचे कर्ज, दवाखान्याचे कर्ज ही निराळी गोष्ट. तिथे माणसाचा इलाज नसतो. दिखाऊपणासाठी काढलेल्या कर्जाबद्दल मी बोलतो आहे.

मोळिगे मारय्यांचीही एक कथा सांगतात. ‘मोळिगे’ म्हणजे आपली मोळीच. लाकडाच्या मोळ्या विकणे हे त्यांचे कायक, आणि बसवकल्याणात त्यांच्या नावाची गुहा आजही दाखवतात. बसवेश्वर त्यांच्या घरी गेले, पत्नी महादेवींच्या हातची अंबील घेतली आणि हे दारिद्र्य पाहून गुपचूप सोने ठेवून आले. त्या पतिपत्नींनी ते सोने जंगमांना वाटून टाकले. आपल्याकडे लग्नात आलेल्या आहेरावर आणि सासऱ्याकडून ‘मागून घेतलेल्या’ फर्निचरवर घर सजते. मुलीच्या बापाला कर्जात घालून आणलेल्या पलंगावर झोप कशी लागते, हे त्या जावयालाच ठाऊक!

दुसरा प्रश्न गरजेचा, आणि इथे जागेचाही हिशेब येतो. आपल्या सीमेला लागूनच ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. नंतर लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या मानाने घरे मिळाली. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. हजारो कुटुंबांनी शून्यातून संसार मांडला. अडीचशे चौरस फुटांत सहा बाय चारचा पलंग ठेवला तर चोवीस चौरस फूट, म्हणजे घराचा जवळजवळ दहावा हिस्सा, दिवसभर अडून राहतो. चटई, घोंगडी, जुन्या लुगड्यांची वाकळ सकाळी गुंडाळली की तीच जागा जेवायची, मुलांच्या अभ्यासाची आणि पाहुण्यांची होते. शहाबादी फरशी तर आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातलीच. उन्हाळ्यात तिच्यावर बसण्यासारखे सुख कोणत्या खुर्चीत आहे?

मग आधी काय आणावे? देवघरासाठी लिंगायताला एक पैसाही लागत नाही. इष्टलिंग अंगावर आहे, पूजा करतळावर आहे. विभूतीची डबी आणि बसायला स्वच्छ आसन एवढे पुरे. त्यानंतर पाणी, चूल, दिवा. पाण्यासाठी झाकणाची टाकी किंवा पिंप, एक माठ. भाकरीसाठी लोखंडी तवा आणि परात. दोन पातेली, ज्वारीसाठी घट्ट झाकणाचा डबा. बाजारात जुना पण मजबूत लोखंडी रॅक मिळतो, त्यात लाज कसली?

इथे पुरुषमंडळींना एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. लक्कम्मांची कथा सांगून बायकोचे तोंड बंद करू नका. तांदूळ परत करा असे लक्कम्मांनी सांगितले, मारय्यांनी नव्हे. साधेपणा तिने स्वतः निवडला होता. नवऱ्याच्या हातात मोबाइल नवा आणि बायको धुरात डोळे चोळते, ह्याला काटकसर म्हणत नाहीत. गॅस, घरात पाण्याची सोय, संडासाला दार आणि कडी, न्हाणीला आडोसा ही तिची चैन नव्हे. दोघांच्या कमाईतला पहिला पैसा तिकडेच गेला पाहिजे, टीव्ही मागाहून. काटकसरीचे सगळे ओझे एकाच पाठीवर टाकले तर तो दासोह राहत नाही, वेठबिगारी होते.

आणि भांडी घेताना माणसे दोन असली तरी ताटे तीन घ्या. लक्कम्मांच्या घरी वेचलेल्या तांदळातही जंगमाचा वाटा होता. घरात कपाट नाही म्हणून पाहुणा परत जात नाही. ‘बसा, जेवून जा’ म्हणणारे कोणी नसेल तरच तो जातो. बिदरची बिदरी कलाकुसर जगात नावाजलेली, काळ्या धातूवर चांदीची नक्षी, तिचा आपल्याला अभिमानच आहे. पण भिंतीवरच्या फळीवर बिदरीची फुलदाणी आणि घरात पाहुण्यासाठी तिसरा तांब्या नाही, असे घर मला श्रीमंत वाटत नाही.

शेवटची गोष्ट खरेदीची. संसाराला लागणाऱ्या वस्तू शरणांनी स्वतः घडवल्या आहेत. नुलिय चंदय्या दोर वळीत, मेदार केतय्या बांबूच्या टोपल्या विणीत. सूप, टोपली, दोरी, माठ आजही आठवड्याच्या बाजारात बुरूड आणि कुंभार घेऊन बसतात. प्लॅस्टिकच्या दुकानात आपण छापील किमतीवर एक शब्द बोलत नाही आणि कुंभाराशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो; हे बरे नव्हे. त्याचे कायक आपल्या घरात येते आहे, त्याचे मोल द्यावे. माठ मात्र पारखून घ्यावा. कुंभार गुंडय्या आपल्या भालकीचे. मडके घडवून झाले की ते त्याच्यावर थाप मारून आवाज ऐकत, आणि त्या नादात इतके रंगून जात की साक्षात शिव त्यांच्याबरोबर नाचला असे पुराणात सांगितले आहे. तेव्हा माठ हातावर धरा, बोटाने टिचकी मारा. आवाज खणखणीत आला तर घ्या; बद्द आला तर कुंभार स्वतःच तो बाजूला ठेवील आणि दुसरा देईल.